नादेझ्दा क्रुप्स्काया

नादेझ्दा कॉन्स्तान्तिनोव्हना क्रुप्स्काया (२६ फेब्रुवारी १८६९ – २७ फेब्रुवारी १९३९) या रशियन क्रांतिकारक, शिक्षणतज्ज्ञ, लेखिका आणि सोव्हिएत संघातील साक्षरता व ग्रंथालय चळवळीच्या प्रमुख संघटक होत्या. सोव्हिएत राज्याचे संस्थापक व्लादिमिर लेनिन यांच्या त्या पत्नी होत. १९२९ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी रशियन प्रजासत्ताकाच्या शिक्षण खात्यात उप-लोककमिसार, म्हणजे उपमंत्री, म्हणून काम केले.

क्रुप्स्काया यांना थायरॉईड (अवटू) ग्रंथीचा ग्रेव्ह्ज रोग होता. रशियात आणि जर्मनभाषक देशांत हा रोग बासेडो रोग म्हणून ओळखला जातो. १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोखर या नामवंत शल्यचिकित्सकाने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, तरीही रोग पूर्णपणे बरा झाला नाही. त्यांच्या सार्वजनिक कार्याचा सर्वांत मोठा भाग या शस्त्रक्रियेनंतरच्या २५ वर्षांतील आहे. या रोगावरील प्रभावी औषधे त्यांच्या मृत्यूनंतर उपलब्ध झाली.

बालपण आणि शिक्षण

क्रुप्स्काया यांचा जन्म सेंट पीटर्सबर्ग येथे जुन्या रशियन पंचांगानुसार १४ फेब्रुवारी १८६९ रोजी झाला. वडील कॉन्स्तान्तिन इग्नात्येविच क्रुप्स्की हे लष्करी अधिकारी होते. आई येलिझावेता वासिल्येव्हना यांनी विवाहापूर्वी घरगुती शिक्षिका म्हणून काम केले होते. वडिलांची नेमणूक तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या पोलंडमधील ग्रुयेत्स येथे जिल्हाप्रमुख म्हणून झाली. स्थानिक जनतेविषयीची त्यांची सहानुभूती वरिष्ठांना खटकली. त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि अधिकारांचा अतिरेक केल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला चालला. अखेर ते निर्दोष ठरले, परंतु तोवर कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावली होती. १८८३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा नादेझ्दा १४ वर्षांच्या होत्या. त्यानंतर माय-लेकींनी शिकवण्या घेऊन आणि घरातील खोल्या भाड्याने देऊन उदरनिर्वाह केला.

सेंट पीटर्सबर्गमधील ओबोलेन्स्काया मुलींच्या शाळेतून त्यांनी सुवर्णपदकासह शिक्षण पूर्ण केले आणि तेथेच अध्यापनाचा अतिरिक्त वर्गही केला. सामान्य वाचकांसाठीच्या स्वस्त पुस्तकांची भाषा सुधारून द्यावी, या लेव्ह टॉलस्टॉय यांच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन १८८७ मध्ये त्यांनी अलेक्झांडर द्युमा यांच्या कादंबरीच्या एका सुलभ आवृत्तीवर काम करून ते टॉलस्टॉय यांच्याकडे पाठवले. १८८९ मध्ये त्यांनी स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी चालणाऱ्या बेस्तुझेव्ह अभ्यासक्रमात प्रवेश घेतला, परंतु काही महिन्यांतच तो सोडला. याच काळात त्या मार्क्सवादी अभ्यासमंडळांकडे वळल्या.

कामगार शाळा आणि हद्दपारी

१८९१ ते १८९६ या काळात क्रुप्स्काया यांनी सेंट पीटर्सबर्गच्या कारखाना वस्तीतील रात्र व रविवार शाळेत विनावेतन शिकवले. कामगारांना अक्षरओळख, अंकगणित आणि भूगोल शिकवताना त्यांच्या राहणीची, मजुरीची आणि कारखान्यांतील स्थितीची माहिती त्यांना मिळत गेली. प्रौढांच्या शिक्षणाविषयीचे त्यांचे पुढील विचार या पाच वर्षांच्या अनुभवातून तयार झाले. फेब्रुवारी १८९४ मध्ये एका मार्क्सवादी बैठकीत त्यांची आणि लेनिन यांची भेट झाली.

लेनिन यांना डिसेंबर १८९५ मध्ये आणि क्रुप्स्काया यांना ऑगस्ट १८९६ मध्ये अटक झाली. त्यांना तीन वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा होऊन उफा हे ठिकाण ठरवण्यात आले. लेनिन यांची वाग्दत्त वधू या नात्याने त्यांनी सायबेरियातील शुशेन्स्कोये या गावी जाण्याची परवानगी मिळवली आणि मे १८९८ मध्ये आईसह त्या तेथे पोहोचल्या. जुलै १८९८ मध्ये दोघांचा विवाह झाला. सिडनी व बिॲट्रिस वेब यांच्या 'इंडस्ट्रियल डेमॉक्रसी' या ग्रंथाच्या रशियन अनुवादात त्यांनी लेनिन यांना साहाय्य केले. 'कामगार स्त्री' ही त्यांची पहिली पुस्तिकाही शुशेन्स्कोये येथेच लिहिली गेली. ती १९०१ मध्ये साब्लिना या टोपणनावाने प्रसिद्ध झाली.

परदेशातील वास्तव्य

हद्दपारीचा उरलेला काळ उफा येथे पूर्ण करून क्रुप्स्काया १९०१ मध्ये म्युनिक येथे लेनिन यांच्याकडे गेल्या. पुढे लंडन, जिनिव्हा आणि पॅरिस येथे या दांपत्याचे वास्तव्य झाले. १९०५ च्या क्रांतीनंतर काही काळ ते रशिया व फिनलंडमध्येही होते. 'इस्क्रा' या गुप्तपणे रशियात पाठवल्या जाणाऱ्या वृत्तपत्राच्या संपादक मंडळाच्या क्रुप्स्काया सचिव होत्या. रशियातील कार्यकर्त्यांची पत्रे उलगडणे, सांकेतिक लिपीत व अदृश्य शाईने उत्तरे लिहिणे, पत्ते आणि टोपणनावे सांभाळणे, तुरुंगातून सुटलेल्यांना आसरा मिळवून देणे ही कामे त्यांच्याकडे होती. पक्षाच्या गुप्त यंत्रणेचा पत्रव्यवहार अनेक वर्षे मुख्यतः त्यांच्या हातून होत असे. पक्षात त्यांना दिलेल्या टोपणनावांपैकी एकाचा अर्थ मासा असा होतो.

जून १९१२ मध्ये रशियाच्या सीमेपासून जवळ राहता यावे म्हणून हे दांपत्य ऑस्ट्रियाच्या अमलाखालील क्राकाव येथे आले. क्रुप्स्काया यांच्या आजाराचे निदान याच वास्तव्यात झाले.

आजाराचे निदान

ग्रेव्ह्ज रोगात गळ्याच्या पुढील भागात असलेली थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा अधिक संप्रेरके तयार करते. त्यामुळे शरीरातील चयापचयाचा वेग वाढतो. हृदयाची धडधड, हातांना कंप, घाम, वजन घटणे, निद्रानाश, स्नायूंचा अशक्तपणा आणि चिडचिड ही त्याची सामान्य लक्षणे होत. अनेक रुग्णांमध्ये गळ्याला सूज येते, तर काहींमध्ये डोळे पुढे आल्यासारखे दिसतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा रोग कित्येक पटींनी अधिक आढळतो. डब्लिनचे वैद्य रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये आणि जर्मन वैद्य कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. त्यामुळे त्याला दोन नावे मिळाली.

१९१३ च्या वसंत ऋतूपर्यंत क्रुप्स्काया यांच्यात गळ्याची सूज, डोळ्यांचा उठाव आणि हृदयाची धडधड ही तिन्ही लक्षणे स्पष्ट झाली होती. त्या वेळी त्या ४४ वर्षांच्या होत्या. त्या काळी प्रचलित असलेली विद्युतचिकित्सा तीन आठवडे करूनही काहीच फरक पडला नाही. डॉक्टरांनी विश्रांती आणि डोंगराळ हवेचा सल्ला दिला. त्यानुसार मे महिन्यात हे दांपत्य तात्रा पर्वताच्या पायथ्याशी पोरोनिनजवळच्या ब्यावी दुनायेत्स या खेड्यात राहावयास गेले.

हवापालटानेही प्रकृती सुधारली नाही. लेनिन यांनी बर्नमधील परिचितांना पत्रे लिहून कोखर यांच्या रुग्णालयाविषयी, शस्त्रक्रियेविषयी आणि खर्चाविषयी चौकशी केली. त्यांच्यापुढे पैशाची अडचण होती. 'प्रावदा' या दैनिकाकडून येणारे मानधन पत्नीच्या उपचारासाठी वेळेवर पाठवावे, अशी विनंती त्यांनी संपादकांना केली. आजार कितपत गंभीर आहे याविषयी स्वतः क्रुप्स्काया साशंक होत्या आणि शस्त्रक्रियेस त्या सहजासहजी तयार झाल्या नाहीत. अखेर जून १९१३ मध्ये दोघे बर्नला पोहोचले.

बर्नमधील शस्त्रक्रिया

थिओडोर कोखर हे १८७२ पासून बर्न विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक होते. थायरॉईड ग्रंथीवरील संशोधनासाठी त्यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि हा सन्मान मिळवणारे ते पहिले शल्यचिकित्सक होते. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात अन्नातील आयोडिनच्या कमतरतेमुळे गलगंडाचे प्रमाण मोठे होते, त्यामुळे तेथील शल्यचिकित्सकांना या ग्रंथीवरील शस्त्रक्रियेचा विपुल अनुभव मिळाला. आयोडिनच्या अभावाने होणारा गलगंड आणि ग्रेव्ह्ज रोग यांची कारणे भिन्न आहेत, मात्र ग्रंथी कापून काढण्याचे तंत्र दोन्हींसाठी उपयोगी पडले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही शस्त्रक्रिया रक्तस्राव व जंतुसंसर्गामुळे अत्यंत धोकादायक मानली जात असे. निर्जंतुकीकरण आणि रक्तवाहिन्या काळजीपूर्वक बांधण्याची पद्धत यांमुळे कोखर यांनी मृत्यूचे प्रमाण फार कमी केले. संपूर्ण ग्रंथी काढून टाकलेले रुग्ण पुढे सुस्त, सुजलेले आणि मंदबुद्धी होत असल्याचे त्यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. या निरीक्षणामुळे ग्रंथीचे कार्य समजण्यास मदत झाली. तेव्हापासून ग्रंथीचा काही भाग मागे ठेवण्याकडे त्यांचा कल होता. अशा शस्त्रक्रियेने संप्रेरकांचे अतिरिक्त उत्पादन घटते, परंतु उरलेला भाग पुन्हा वाढून रोग उलटण्याची शक्यता राहते.

शस्त्रक्रिया लगेच झाली नाही. तपासण्या आणि पूर्वतयारी यांत काही आठवडे गेले. लेनिन दिवसाचा अर्धा वेळ पत्नीजवळ बसत आणि उरलेला वेळ ग्रंथालयात घालवत. या रोगावरील वैद्यकीय पुस्तकेही त्यांनी तेथे वाचली. जुलैच्या उत्तरार्धात शस्त्रक्रिया पार पडली. ती सुमारे तीन तास चालली आणि पूर्ण भूल देण्यात आली नव्हती. दुसऱ्या दिवशी क्रुप्स्काया यांना तीव्र ताप आला व त्या वातात बडबडू लागल्या. हा ताप उतरल्यानंतर मात्र प्रकृती झपाट्याने सुधारली.

रुग्णालयातून सुटल्यावर दोन आठवडे डोंगराळ ठिकाणी संपूर्ण विश्रांती घ्यावी, असा कोखर यांचा सल्ला होता. परंतु पोरोनिनहून पक्षाच्या तातडीच्या कामाची तार आली आणि ऑगस्टच्या सुरुवातीस दोघे परत निघाले. शस्त्रक्रियेनंतरची ही विश्रांती त्यांना मिळाली नाही.

आजाराचा पुनरुद्भव

पहिले महायुद्ध सुरू होताच ऑगस्ट १९१४ मध्ये ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी लेनिन यांना हेरगिरीच्या संशयावरून अटक केली. सुटकेनंतर हे कुटुंब तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे आले. मार्च १९१५ मध्ये क्रुप्स्काया यांच्या आईचे तेथे निधन झाले. सायबेरियापासून स्वित्झर्लंडपर्यंत त्या बहुतेक काळ मुलीबरोबर राहिल्या होत्या. घर सांभाळणे आणि गुप्त पत्रव्यवहारास मदत करणे ही दोन्ही कामे त्यांनी केली होती.

आईच्या मृत्यूनंतर क्रुप्स्काया यांचा रोग पुन्हा बळावला. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार १९१५ चा उन्हाळा त्यांनी रोटहॉर्न पर्वताच्या पायथ्याशी झोरेनबर्ग या खेड्यात काढला. युरोपातील युद्धविरोधी समाजवाद्यांची झिमरवाल्ड परिषद याच सुमारास झाली आणि लेनिन झोरेनबर्गहूनच तेथे गेले. १९१६ मध्ये त्यांचे वास्तव्य झ्युरिकला होते. त्या वर्षीचा उन्हाळाही तिच्या प्रकृतीसाठी फ्लुम्सजवळील चुदिवीझे येथील डोंगरावरच्या एका साध्या विश्रामगृहात घालवण्यात आला. औषधोपचार उपलब्ध नसल्यामुळे थंड हवा, दूधयुक्त आहार आणि शांतता हेच त्या काळी डॉक्टरांचे मुख्य साधन होते.

रोग उलटलेला असतानाच त्यांनी 'लोकशिक्षण आणि लोकशाही' हा आपला महत्त्वाचा ग्रंथ १९१५ मध्ये पूर्ण केला. रूसो व पेस्टालोत्सी यांच्यापासून समकालीन युरोप-अमेरिकेतील शाळांपर्यंतच्या विचारांचा त्यात आढावा आहे. बौद्धिक शिक्षण आणि उत्पादक श्रम यांची सांगड घालणारी शाळा असावी, हा त्याचा मुख्य विषय आहे. तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

क्रांतीनंतरचे शिक्षणकार्य

एप्रिल १९१७ मध्ये क्रुप्स्काया लेनिन यांच्यासह पेट्रोग्राडला परतल्या. तेथे वायबोर्ग या कामगार विभागात त्यांनी सैनिकांच्या पत्नींना मदत देणे आणि साक्षरता वर्ग चालवणे ही कामे केली. ऑक्टोबर क्रांतीनंतर अनातोली लुनाचार्स्की यांच्या नेतृत्वाखालील शिक्षण खात्यात शाळाबाह्य शिक्षणाचा विभाग त्यांच्याकडे आला.

कामाचा भार वाढताच आजार पुन्हा डोके वर काढत असे. १९१८ च्या अखेरीस प्रकृती बिघडल्याने त्यांना मॉस्कोजवळच्या सोकोल्निकी येथील वनशाळेत विश्रांतीसाठी ठेवण्यात आले. जानेवारी १९१९ मध्ये त्यांना भेटावयास आणि तेथील मुलांच्या उत्सवास जात असताना लेनिन यांची मोटार सशस्त्र दरोडेखोरांनी अडवून पळवली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात 'क्रास्नाया झ्वेझ्दा' या प्रचारनौकेतून व्होल्गा व कामा नद्यांच्या काठी प्रवास करून त्यांनी सभा घेतल्या आणि शाळा व ग्रंथालये पाहिली. या प्रवासात त्यांचा हृदयाचा त्रास वाढला. प्रकृतीची काळजी घेण्याविषयी लेनिन त्यांना पत्रांतून वारंवार बजावत होते.

२६ डिसेंबर १९१९ च्या आदेशाने ८ ते ५० वर्षे वयाच्या सर्व निरक्षर नागरिकांना लिहिणे-वाचणे शिकणे बंधनकारक करण्यात आले. या मोहिमेच्या संघटनेत क्रुप्स्काया यांचा मोठा वाटा होता. १९२० मध्ये स्थापन झालेल्या राजकीय-शैक्षणिक कार्याच्या केंद्रीय समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ग्रामीण वाचनालये, ग्रंथालयांचे जाळे, ग्रंथपालांचे प्रशिक्षण आणि प्रौढांसाठी सोपी पुस्तके या विषयांवर त्यांनी सातत्याने लिहिले. १८९७ च्या जनगणनेत ९ ते ४९ वयोगटातील सुमारे २८ टक्के लोक साक्षर होते. हे प्रमाण १९२६ मध्ये सुमारे ५७ टक्के आणि १९३९ मध्ये सुमारे ८७ टक्के झाले. मुलांच्या पायोनियर संघटनेच्या उभारणीतही त्यांचा सहभाग होता.

त्यांच्या कारकिर्दीतील काही निर्णय वादग्रस्त ठरले. सामान्य वाचकांच्या ग्रंथालयांतून काढून टाकावयाच्या पुस्तकांविषयीच्या १९२० च्या दशकातील परिपत्रकांवर त्यांची सही होती. या याद्यांत प्लेटो, कांट आणि नित्शे यांसारख्या तत्त्वज्ञांचे ग्रंथ होते, आणि त्यावर मॅक्झिम गॉर्की यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. १९२८ मध्ये कोर्नेई चुकोव्स्की यांच्या 'मगर' या बालकाव्यावर त्यांनी 'प्रावदा'मध्ये कठोर टीका केली. तेव्हाही गॉर्की यांनी चुकोव्स्की यांची बाजू घेतली.

लेनिन यांचे आजारपण आणि मृत्यू

मे १९२२ मध्ये लेनिन यांना पहिला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर स्वतः दीर्घकाळ रुग्ण असलेल्या क्रुप्स्काया यांच्यावर रुग्णाच्या शुश्रूषेची जबाबदारी आली. डिसेंबर १९२२ मध्ये लेनिन यांनी सांगितलेला मजकूर लिहून घेतल्याच्या कारणावरून स्टालिन यांनी दूरध्वनीवर त्यांचा अपमान केला. लेनिन यांना ही गोष्ट कळल्यावर मार्च १९२३ मध्ये त्यांनी स्टालिन यांच्याकडे लेखी क्षमायाचनेची मागणी केली. त्याच महिन्यात आलेल्या झटक्याने लेनिन यांची वाचा गेली. क्रुप्स्काया यांनी शिक्षिकेच्या अनुभवाच्या बळावर त्यांना पुन्हा शब्द उच्चारण्याचा आणि डाव्या हाताने लिहिण्याचा सराव दिला.

२१ जानेवारी १९२४ रोजी लेनिन यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने स्मारके व प्रासाद उभारू नयेत, त्याऐवजी पाळणाघरे, बालवाड्या, शाळा आणि ग्रंथालये काढावीत, असे आवाहन क्रुप्स्काया यांनी 'प्रावदा'तून केले. तरीही लेनिन यांचा मृतदेह जतन करून समाधीगृहात ठेवण्यात आला. स्टालिन यांना सरचिटणीस पदावरून दूर करण्याची सूचना असलेला लेनिन यांचा मजकूर त्यांनी मे १९२४ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीकडे सुपूर्द केला.

पक्षांतर्गत मतभेद आणि अखेरची वर्षे

१९२५ मध्ये क्रुप्स्काया यांनी झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह यांच्या विरोधी गटाला पाठिंबा दिला. डिसेंबर १९२५ मधील चौदाव्या पक्ष अधिवेशनात त्यांनी बहुमत नेहमीच बरोबर असते या गृहीताला आक्षेप घेतला. पुढील वर्षी त्या या गटापासून दूर झाल्या. त्यानंतर स्टालिन यांना त्यांनी उघड विरोध केला नाही आणि १९३० च्या दशकातील दडपशाहीच्या काळातही त्या पदावर राहिल्या. या भूमिकेवरून त्यांच्यावर टीका झाली आहे.

१९३१ मध्ये त्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या सन्माननीय सदस्य झाल्या, आणि १९३६ मध्ये त्यांना शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट मिळाली. 'लेनिनच्या आठवणी' हे त्यांचे पुस्तक याच काळात टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाले. त्यात स्वतःच्या आजाराचा उल्लेख त्यांनी मोजक्या वाक्यांत आणि बहुधा प्रवास किंवा मुक्काम का बदलला हे सांगण्यापुरताच केला आहे.

फेब्रुवारी १९३९ मध्ये सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने जवळचे स्नेही आधीच एकत्र जमले होते. त्यानंतर त्यांच्या पोटात तीव्र वेदना सुरू झाल्या. आंत्रपुच्छाचा दाह पोटाच्या आवरणापर्यंत पसरला होता, आणि प्रकृतीची एकंदर स्थिती पाहता डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली नाही. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारी १९३९ रोजी, मॉस्को येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवण्यात आल्या.

रोगाविषयीचे पुढील संशोधन

क्रुप्स्काया यांच्या हयातीत ग्रेव्ह्ज रोगाचे मूळ कारण अज्ञात होते. मानसिक धक्का किंवा मज्जासंस्थेचा विकार हे त्याचे कारण असावे, असे अनेक वैद्य मानत. १९५६ मध्ये न्यूझीलंडमधील ॲडम्स व पर्व्हस या संशोधकांनी अशा रुग्णांच्या रक्तात थायरॉईडला दीर्घकाळ उत्तेजित करणारा घटक असल्याचे दाखवले. हा घटक म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने तयार केलेली प्रतिपिंडे असल्याचे पुढे सिद्ध झाले. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक थायरॉईड पेशींच्या ज्या ग्राहीवर कार्य करते, त्याच ग्राहीला ही प्रतिपिंडे चिकटतात आणि ग्रंथीला अखंड उत्तेजित ठेवतात. त्यामुळे ग्रेव्ह्ज रोगाची गणना आज स्वयंप्रतिकार (ऑटोइम्यून) रोगांत होते.

या शोधामुळे क्रुप्स्काया यांच्या आजाराचा क्रमही समजू शकतो. शस्त्रक्रिया ग्रंथीचा आकार कमी करते, परंतु प्रतिपिंडांची निर्मिती त्याने आपोआप थांबत नाही. ग्रंथीचा भाग शिल्लक असल्यास रोग उलटू शकतो. डोळ्यांमागील चरबी व स्नायू यांना येणारी सूज हीसुद्धा याच प्रतिकारप्रक्रियेचा भाग आहे. त्यामुळे संप्रेरकांची पातळी सुधारल्यानंतरही डोळ्यांतील बदल अनेकदा कायम राहतात. दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेल्या रोगाचा हृदयावरही परिणाम होतो.

किरणोत्सर्गी आयोडिनने पहिल्या रुग्णावर उपचार १९४१ मध्ये झाले, आणि थायरॉईडची क्रिया रोखणाऱ्या औषधांचा वापर १९४३ पासून सुरू झाला. रक्तातील संप्रेरकांची पातळी मोजून उपचाराची मात्रा ठरवणे त्यानंतर शक्य झाले. क्रुप्स्काया यांना यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते. एक शस्त्रक्रिया आणि वेळोवेळी घेतलेली विश्रांती एवढ्याच आधारावर त्यांनी या रोगासह पाव शतकाहून अधिक काळ काढला.

प्रतिमा आणि मूल्यमापन

क्रुप्स्काया यांची सर्वाधिक परिचित छायाचित्रे १९२० व १९३० च्या दशकांतील आहेत. त्यांतील ठळक डोळे, जड चेहरा आणि थकलेली मुद्रा यांवरून त्यांच्या रूपाविषयी व स्वभावाविषयी अनेकदा उपहासाने लिहिले गेले. तरुणपणीच्या छायाचित्रांत हे बदल दिसत नाहीत. डोळ्यांचा उठाव हे ग्रेव्ह्ज रोगाचे परिचित लक्षण असल्यामुळे उत्तरायुष्यातील चेहऱ्यावरून त्यांच्या स्वभावाविषयी काढलेले निष्कर्ष आधारहीन ठरतात.

सोव्हिएत काळातील चरित्रांत त्यांचे चित्रण मुख्यतः लेनिन यांची निष्ठावान सहचारिणी म्हणून झाले. पुढील अभ्यासकांनी शिक्षणतज्ज्ञ आणि संघटक म्हणून त्यांच्या स्वतंत्र कार्याकडे लक्ष वेधले. ग्रंथांवरील निर्बंधांतील त्यांच्या भूमिकेचीही चिकित्सा झाली आहे.

वारसा

क्रुप्स्काया यांचे शिक्षणविषयक लेखन १९५७ ते १९६३ या काळात ११ खंडांत प्रसिद्ध झाले. साक्षरता कार्यासाठी त्यांच्या नावाने युनेस्कोतर्फे १९७० ते १९९२ या काळात आंतरराष्ट्रीय पारितोषिक दिले जात असे. रशियातील अनेक ग्रंथालयांना आणि रस्त्यांना त्यांचे नाव आहे. सेंट पीटर्सबर्गमधील १९३८ मध्ये सुरू झालेला चॉकलेटचा कारखानाही त्यांच्या नावाने ओळखला जातो. २०७१ क्रमांकाच्या लघुग्रहाला त्यांच्या स्मरणार्थ नादेझ्दा हे नाव देण्यात आले आहे. रशियन भाषेत या शब्दाचा अर्थ आशा असा होतो.